काढा म्हणजे काढा

सगळी भानगड एका शब्दाने केली. आणि शब्द तरी कसला, तर आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, असला. पण मधूनच सांगितलं तर सगळी मजा जाईल, म्हणून पहिल्यापासून ऐका.

तर रंगताई. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण बागेतल्या पोरांनी ते केव्हाच मोडीत काढलं. वय चोवीस, केसांत कायम कसला ना कसला रंग, आणि चालणं असं की बस सुटायला आलीये. शहरातल्या एका मोठ्या बागेत तिची नोकरी. काम काय, तर सुट्टीच्या दिवशी पोरांना मोबाइलमधून उपटून बाहेर आणायचं आणि मातीत, पाण्यात, रंगांत सोडून द्यायचं. पानांचे ठसे, मातीचे प्राणी, दोन झाडांना बांधलेल्या दोरीवरून चालणं, असले सगळे उद्योग. आईबाप सुरुवातीला बाकावर चहा पीत बसतात. अर्ध्या तासाने बघावं तर चहा बाकावर आणि आईबाप दोरीवर. दर वेळी हेच.

या बागेच्या मागच्या अंगाला एक भिंत आहे. चांगली चाळीस पावलं लांब, सिमेंटची, राखाडी, तोंड पाडून उभी. रंगताईला पहिल्या दिवसापासून तिची दया यायची. शेवटी ती बागेच्या अधीक्षक बाईंकडे गेली. या बाई म्हणजे चष्मा साखळीला, साखळी गळ्यात, आणि बोलणं एकदम फळ्यावर लिहिल्यासारखं.

"त्या भिंतीला लागून अवजारांची शेड बांधायची आहे," बाई म्हणाल्या. "पत्रे सांगून ठेवले आहेत."

"बाई, फक्त सहा शनिवार द्या. पोरं ती भिंत रंगवतील. मग तुम्ही बघा आणि मग ठरवा ना!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सहा शनिवार. सहाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला मी येईन. पूर्ण भिंत भरलेली पाहिजे, अर्धवट चालणार नाही. आवडली तर भिंत कायमची मुलांची. नाही आवडली तर सोमवारी पत्रे."

झालं! रंगताई ऑफिसमधून बाहेर आली ती जवळजवळ उड्या मारतच.

आता रंग कुठून आणायचे? घरच्या माळ्यावरून. कारण रंगताईचे बाबा रंगारी. साधेसुधे नाही हं. तीस वर्षं लोकांची घरं रंगवतायत आणि धंद्यात त्यांना सगळे 'आरसा' म्हणतात. त्यांनी रंगवलेल्या भिंतीत बघून म्हणे भांग पाडता येतो. प्रत्येक कामातून उरलेला डबा घरी यायचा आणि माळ्यावर जाऊन बसायचा. कुणाच्या दाराचा निळा, कुणाच्या खिडकीचा पिवळा, कुणाच्या दुकानाचा जांभळा. सगळा ऑईलपेंट.

"ने बाई ने," बाबा म्हणाले होते. "माळा तरी मोकळा होईल."

डबे दिले, पण भिंत बघायला बाबा एकदाही आले नाहीत. आणि त्याला कारण होतं. रंगताई पाच वर्षांची असताना बाबा तिला एकदा कामावर घेऊन गेले होते. एका खोलीची भिंत अशी झाली होती की बाबा स्वतःच मागे सरकून सरकून बघत होते. तेवढ्यात आमच्या रंगताईने खिशातून लाल पेन्सिल काढली आणि त्या भिंतीवर बस काढली. चांगली दुमजली. बाबांनी भिंत परत रंगवली, पण पुढचे दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत. जेवताना आईला सांगायचे, "तुझ्या मुलीला म्हणावं, मीठ दे."

आणि आता तीच मुलगी मोठी होऊन काय करते? बाबा मित्रांना सांगायचे, "मी तीस वर्षं भिंतीवरचे डाग घालवतोय, आणि माझी पोरगी पगार घेऊन डाग पाडते." हसत हसतच सांगायचे, पण सांगायचे. आणि रंगताईही हसायची, पण तिला ते कुठेतरी लागायचंच.

असो. सहा शनिवार पोरांनी धुमाकूळ घातला. भिंत भरली. बसगाड्या, मासे, पाय असलेले ढग, एक डॉक्टर जिच्या हातात सुईऐवजी फूल. भोंगा नावाची एक सात वर्षांची मुलगी आहे, तिचा आवाज ऐकलात तर नाव कशावरून पडलं हे विचारणार नाही, तिने जांभळा हत्ती काढला. सायकलवर. डावा आणि उजवा असे दोन जुळे भाऊ आहेत, एक डावखुरा, दुसरा नाही, त्यांनी शेजारी शेजारी उभं राहून एकच मगर दोन्ही टोकांकडून काढली आणि मधे कुणीच माघार घेईना, म्हणून त्या मगरीला दोन पोटं आहेत.

पण घोडं कुठे अडलं, तर उंचीवर. पोरांचे हात पुरेनात. स्टुलावर चढलं तरी भिंतीचा वरचा पट्टा कोराच. सहावा शनिवार संपला, दुपार झाली, आणि वरचा राखाडी पट्टा तसाच बघतोय रंगताईकडे. पूर्ण भरलेली पाहिजे, बाई म्हणाल्या होत्या. अर्धवट चालणार नाही.

शिडी कुणाकडे असते? रंगाऱ्याकडे.

रंगताईने मोबाइल हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी डोळे मिटून बाबांना मेसेज केला. मेसेज असा: "बाबा, उद्या दहाच्या आत मुलांची भिंतीवरची चित्रं काढून व्हायला हवीत. माझा हात पोचत नाही, वरची सगळी राहिलीत. शिडी आणि रंग घेऊन याल का? प्लीज."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "काळजी करू नकोस. काढतो."

काढतो! बाबा! चित्रं! रंगताईने तो मेसेज सहा वेळा वाचला. बाबांनी उभ्या आयुष्यात एक फूल काढलेलं कुणी बघितलं नव्हतं, आणि म्हणतायत काढतो. ती राहिलेल्या कामासाठी मैत्रिणीकडे गेली, ठशांसाठी शंभर कागद कापायचे होते, तर कात्रीसुद्धा त्या दिवशी नाचत होती.

संध्याकाळी घरी आली तर आई म्हणाली, "तुझे बाबा पाचलाच शिडी घेऊन गेले. शीळ घालत. मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली त्यांची शीळ."

"आजच? मी तर उद्या म्हटलं होतं!"

साडेसातला बाबा आले. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, चेहरा असा खूश की विचारू नका. हातपाय धुऊन जेवायला बसले. आता हे बोलणं नीट ऐका, कारण दोघांपैकी एकही जण एक अक्षर खोटं बोललं नाही.

"काढली?" रंगताईने विचारलं.

"काढली."

"सगळी?"

"एक शिल्लक नाही."

"वरची पण?"

"वरचीच आधी. काम नेहमी वरून खाली यायचं, शिकवलंय ना तुला?"

"एकट्याने? एवढ्या वेळात?"

"अगं, तीस वर्षं काय झोपा काढल्या मी? चांगले दोन हात मारलेत. उद्या सकाळी बघ, डोळे दिपतील तुझे."

रंगताईने त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढली. "बाबा, थँक्यू. मला वाटलं नव्हतं तुम्ही याल."

"तू बोलवायची वाट बघत होतो मी," बाबा ताटात बघत म्हणाले. "म्हटलं, कधीतरी पोरीला कळेल."

आई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "आज तुम्ही दोघं इतकं गोड बोलताय, तर मीठ मीच मागते."

रविवारी सकाळी साडेसातला रंगताई बागेत हजर. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, एकीत माती, एकीत मातीकामाच्या लाकडी काड्या, जुने कंगवे, चमचे. फाटकापाशी माळीकाका पाइप धरून उभे होते.

"काय चकाचक काम केलंय तुझ्या वडलांनी!" ते म्हणाले. "मी शिडी धरली हां. त्यांच्याकडचा पांढरा रंग संपला होता, तर माझा झाडांच्या बुंध्यांना लावायचा चुना होता, तो दिला काढून. दोन पिंपं लागली."

"चुना?" रंगताई थांबली. "चुना कशाला?"

"आता बाई, पांढरं करायचं तर चुनाच ना."

पिशव्या तिथेच पडल्या. ती धावत वळणावरून मागे गेली आणि डोळे दिपले. खरंच दिपले. चाळीस पावलं, वरपासून खालपर्यंत, पांढरं फटक. सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं आणि भिंत अशी झगझगत होती की रंगताईला डोळ्यांवर हात धरावा लागला. हत्ती नाही. मगर नाही. तिची दोन पोटं नाहीत. कुठे एक ठिपका नाही, एक ओघळ नाही. आरशाचं काम.

तिने तिथूनच खिशातला मोबाइल काढला. मग फोन लावला.

"बाबा, काय केलंत हे?"

"आवडलं?"

"अहो, चित्रं कुठायत?"

"काढली ना."

"मी काढा म्हटलं होतं!"

"मग काढलीच की!"

"काढा म्हणजे काढा नव्हे हो बाबा, काढा म्हणजे काढा! रंगाने! ब्रशने! वरची राहिली होती, म्हणजे काढायची राहिली होती! आणि तुम्ही काढून टाकलीत!"

 पलीकडे आईच्या भांड्यांच्या आवाजात शिडी उचलल्याचा खडखडाट झाला. मग बाबा एवढंच म्हणाले, "येतो," आणि फोन ठेवला.

आठ वाजायला लागले तशी पोरं आली. आईबाप, आजीआजोबा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. वळणावर आली की प्रत्येक जण थबकायचं. सगळ्यात पुढे भोंगा.

"माझा हत्ती कुठाय?"

अर्ध्या बागेतले पक्षी उडाले.

रंगताईला क्षणभर वाटलं सरळ पळ काढावा. पण पोरांशी खोटं बोलायचं नाही हा तिचा नियम. तिने सगळ्यांना गवतात बसवलं आणि खरं ते सांगितलं. मेसेज वाचून दाखवला. बाबांचं उत्तर वाचून दाखवलं. मोठी माणसं हसायला लागली आणि पोरांचे चेहरे बघून थांबली.

"म्हणजे तुझ्या बाबांनी तुलाच चुना लावला," डावा गंभीरपणे म्हणाला.

"तिला नाही रे, भिंतीला," उजवा म्हणाला.

"बाई दहाला येणार," भोंगाची आई घड्याळाकडे बघत हळूच म्हणाली. "आता दोन तासांत एवढी भिंत परत कशी व्हायची? रंग तरी आहे का?"

रंग नव्हता. डबे कालच कोरडे झाले होते. तळ खरवडून वापरले होते शेवटच्या शनिवारी.

एवढ्यात बाबा आले. खांद्यावर शिडी, हातात बादली, पण शीळ नाही. आजपर्यंत लोकांनी त्यांना भिंत बघून मान ताठ करताना पाहिलं होतं. आज ते पोरांच्या घोळक्यापुढे उभे राहिले आणि त्यांची मान वर होईना.

"मी रंगताईचा बाबा," ते म्हणाले. "तुमची चित्रं मी घालवली. मला वाटलं, ती नको आहेत. चूक माझी." मग बादली उपडी करून तिच्यावर बसले आणि लेकीला म्हणाले, "मी पहिल्यांदा तुझ्या कामाला हात लावला, आणि बघ काय केलं."

रंगताईला दहा मिनिटांपूर्वी त्यांचा इतका राग आला होता! पण ते असे बादलीवर बसलेले बघून तिला एकदम पाच वर्षांची ती आठवली, लाल पेन्सिल हातात घेऊन कोपऱ्यात उभी. ती त्यांच्याजवळ उकिडवी बसून समजूत काढायला लागली. "बाबा, असू दे. मेसेज मीच तसला पाठवला. जरा नीट लिहिलं असतं तर..."

ख्र्र्र्र.

सगळ्यांनी वळून बघितलं. भोंगा भिंतीपाशी होती. हातात रंगताईच्या पिशवीतली मातीकामाची लाकडी काडी. तिला समजूतबिमजूत काही नको होती, तिला हत्ती हवा होता.

ख्र्र्र्र. आणि पांढऱ्यातून एक रेघ निघाली. जांभळी. अशी चमकदार, अशी झकास जांभळी की बाकावरचे आजोबासुद्धा उठून उभे राहिले.

"आतच आहे!" भोंगा ओरडली. "माझा हत्ती आतच आहे!"

बाबा ताडकन उठले. "थांब, थांब, हात नको लावूस!" भिंतीपाशी गेले, नखाने जरासं टोकरलं, पापुद्रा चुटकीत धरला. निघाला. अलगद. खाली पिवळं. "ही चित्रं कुठल्या डब्यांनी काढली होती गं?"

"तुमच्याच डब्यांनी. माळ्यावरच्या."

"ऑईलपेंट?" बाबा म्हणाले. "ऑईलपेंटवर चुना मारला मी? मी?" आणि ते हसायलाच लागले. हसता हसता शिडीला टेकले. "अरे, ऑईलपेंट असतो गुळगुळीत, त्यावर चुना धरतच नाही! पहिल्या दिवशी शिकवतात हे! माझ्या उस्तादाने बघितलं असतं तर कान उपटून हातात दिला असता. आनंदाच्या भरात बघितलंच नाही मी खाली काय आहे!"

"मग पुसून टाकू या का सगळा चुना?" उजव्याने विचारलं.

आणि इथे रंगताईच्या डोक्यात जे आलं ना, ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. ती भोंगाच्या त्या एका जांभळ्या रेघेकडे बघत होती. पांढऱ्या भिंतीवर एकच रेघ, पण काय दिसत होती!

"नाही," ती म्हणाली. "पुसायचा नाही. काढायचा. चुना काढायचा, पण चित्र काढायला जेवढा लागेल तेवढाच. कुठे हिरवं निघेल, कुठे लाल, कुणाला माहीत नाही. ज्याला जे काढायचंय ते काढा!"

"म्हणजे कुठलं काढा?" डाव्याने डोळे बारीक करून विचारलं.

"दोन्ही!"

पोरं सुटलीच. पण आरसा रंगारी जागा झाला होता. "एऽऽ थांबा! असं नाही!" सगळी पोरं थिजली. "सुका चुना डोळ्यात गेला तर डोळे चुरचुरतात. आधी रुमाल नाकाला. माळीकाका, तो फवारा आणा, भिंत जराशी ओली करू. जराशीच, नाहीतर खीर होईल. ज्यांच्याकडे चष्मे आहेत त्यांनी घाला, बाकीच्यांनी टोपी पुढे ओढा. हाताला लागलं की लगेच धुवायचं. आणि वरून खाली! खालून वर गेलात तर वरचं सगळं नाकात!"

पुढचा दीड तास काय धमाल आली म्हणून सांगू! काड्या, कंगवे, चमचे, बाटल्यांची झाकणं. कुणी मासा खरवडला तर तो अर्धा निळा आणि अर्धा त्या जुन्या बसच्या लाल रंगाचा निघाला. कुणी झाड काढलं, त्याच्या प्रत्येक पानाला वेगळा रंग. कंगवा फिरवला की एकदम सात रंगीत रेघा. डाव्या-उजव्याने परत मगरच काढली, आणि या वेळी खालच्या जुन्या पोटांमुळे नव्या दोन पोटांवर जुनी दोन पोटं आली, म्हणजे हिशेबाने चार. भोंगाने हत्ती पूर्ण बाहेर काढलाच नाही. त्याचा फक्त डोळा, सोंडेचं टोक आणि सायकलचं एक चाक मोकळं केलं.

"बाकीचा का नाही?" तिच्या आईने विचारलं.

"लपलाय तो," भोंगा म्हणाली. "हळू बोल."

हे तिने सांगावं! आईबापही घुसले होते एव्हाना. एका पोराचे बाबा ऑफिसच्या ओळखपत्राने खरवडत होते.

पण मग रंगताईने वर बघितलं. वरचा पट्टा! तो मुळात कोराच होता, खाली रंग कुठला? खरवडला तर राखाडी सिमेंट. आणि घड्याळात साडेनऊ.

"बाबा," ती म्हणाली. "वरची अजून राहिलीयत."

बाबांनी शिडीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मला चित्र येत नाही गं. मला फक्त सरळ रेघ येते."

"मग सरळ रेघ काढा ना!" खालून भोंगा.

बाबा शिडीवर चढले. पुट्टी लावायची पट्टी हातात. श्वास धरला आणि ओढली रेघ. ना दोरी, ना फूटपट्टी. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिडी सरकवत सरकवत, एकच्या एक राखाडी रेघ. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. अशा सरळ की पोरं खरवडणं सोडून बघायला लागली.

"तारा!" उजवा ओरडला. "विजेच्या तारा आहेत त्या!"

"मग तारांवर पक्षी पाहिजेत!" डावा ओरडला.

"पक्षी! पक्षी!" सगळी बाग.

बाबा घामाघूम. "अरे, नाही येत मला पक्षी!"

"बटाटा येतो का?" भोंगाने विचारलं.

"बटाटा? येईल."

"मग बटाटा काढा आणि त्याला चोच काढा."

बाबांनी बटाटा काढला. चोच काढली. दोन काड्या पाय. मागे सरकून बघता येईना, शिडीवर होते, म्हणून मान वाकडी करून बघितलं. मग अजून एक काढला. तिसऱ्याला शेपूट दिली. चौथा मागे वळून बघणारा. पाचव्याच्या चोचीत अळी. आई केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक, ती म्हणाली, "आता हे खाली उतरायचे नाहीत."

बरोब्बर दहाला अधीक्षक बाई आल्या. साखळी, चष्मा, हातात वही. वळणावर थबकल्या. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीने उभी, सगळी पांढरी, नुसते डोळे दिसतायत.  

बाई एका टोकापासून चालायला लागल्या. सावकाश. मासा बघितला. झाड बघितलं. मगरीपाशी थांबून पोटं मोजली. मग हत्तीच्या डोळ्यापाशी आल्या.

"इथे कोण आहे?"

"हत्ती," भोंगा कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे आपलं बोलणं. "लपलाय."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. घातला. मग वही माळीकाकांच्या हातात दिली, भोंगाच्या हातातली काडी मागून घेतली, आणि एक कोरी जागा बघून खाली वाकून हळूच ओढली. पिवळी रेघ निघाली. बाई दचकल्याच. मग दुसरी ओढली. मग गोल. त्यांनी काय काढलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, पण पाच मिनिटं लागली.

उठल्या तेव्हा साडीला गुडघ्यांपाशी चुना. "हा चुना टिकणार नाही," त्या म्हणाल्या.

रंगताईचं तोंड उतरलं.

"नाही टिकणार," बाबा शिडीवरून म्हणाले. "दोन पावसात धुऊन जाईल. मग जुनी चित्रं परत दिसतील."

"मग?"

"मग मी परत चुना मारीन. आणि पोरं परत काढतील. दर वेळी नवी भिंत."

बाईंनी माळीकाकांकडून वही परत घेतली आणि त्यात काहीतरी खोडलं. "शेड पाण्याच्या टाकीच्या मागे बांधू. पत्रे तिकडे वळवा."

जो काही आरडाओरडा झाला म्हणता! भोंगा एकटीच पुरेशी होती, त्यात साठ पोरं. बाईंनी कानांवरचे हात काढले तेव्हा म्हणाल्या, "आणि माळीकाका, इथे एक पाटी लावा. लिहून घ्या. 'या भिंतीवरील चित्रे काढू नयेत.'"

सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हणजे... आम्ही काढायची नाहीत?" भोंगा.

"तुम्ही काढा. काढलेली काढू नयेत."

"पण नवीन काढायला जुनी काढावी लागली तर?" डावा.

"आणि काढताना चुना काढला, तर ते काढणं कुठलं?" उजवा.

बाई हसल्याच. माळीकाका नंतर शपथेवर सांगत होते, बारा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी पाटी बाबांनीच रंगवली, लाकडी फळीवर, आरशासारखं गुळगुळीत करून. आजही आहे तिथे, जाऊन वाचा. 'इथे चित्रं काढा. काढलेली काढू नका. काढायचीच झाली, तर आधी रंगताईला फोन करा. मेसेज नको.'

ते सगळं झाल्यावर, हातपाय धुऊन, दोघं बापलेक गवतात बसले होते. बाबा वरच्या पक्ष्यांकडे बघत होते. चौथा जरा कलला होता आणि त्यांना तो सरळ करायची फार इच्छा होत होती, पण बसले तसेच.

"पोरी," ते म्हणाले, "नाव काढलंस."

रंगताईने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, आता नीट सांगा हं. काढलं म्हणजे उजळलं, की पुसलं?"